करपलेली

उर्दानेताच्या थांब्यावर बस धापा टाकत उभी.
खिडकीखाली एक पोरगी, टोपलीत तुपिग:
केळीच्या पानात गुंडाळून
निखाऱ्यावर भाजलेल्या, अजून धुरकट.

ओनोफ्रे एकोणीस वर्षं जहाजावर होता.
पान सोललं त्यानं. चिकट तांदूळ,
दाताखाली येणारं ओलं खोबरं, गूळ.
चांगली होती.
पण ती ही नव्हे.

मग आठवलं,
याच रस्त्यावर टोपली त्याच्याही डोक्यावर असायची.
धड त्या गिऱ्हाइकाला,
करपलेल्या त्याला.

"जळकी आहे का गं एखादी?"
पोरीनं टोपलीवर फडकं ओढलं.
"आहे. पण ती माझ्या भावाची."

बस सुटली.
पानाचं काळं बोटाला लागलं होतं,
ते त्यानं
कुणी बघत नाहीसं पाहून चाटलं.