कर्णावर

घणसोलीत भाजीवाल्याच्या मागच्या गाळ्यात
चार टीव्ही, सहा खुर्च्या,
अर्ध्या तासाला चाळीस रुपये.
मढवींचा हितेश दहावीत, मी चौतिशीत.
तो शिकवतो, मी मरते.

"ताई, फटका बसला की तुम्ही डोळे मिटता."
नाही मिटत.
"मिटता. आणि अंगठा सोडता.
फटका चुकला नाही तर नाही चुकला,
पण उडून जायचं कुठे, ते अजून ठरायचं असतं."
किती वेळात?
त्यानं चुटकी वाजवायला बोटं जुळवली
आणि आवाज निघायच्या आत म्हणाला,
"एवढ्यात."

बाजूची हद्द जवळ. वरचीही जवळ.
लांब फक्त कोपरा.
"कर्ण," मी म्हटलं.
काय?
काटकोन त्रिकोणाची सगळ्यात लांब बाजू. आठवीला होतं.
"हां, तोच. कर्णावर उडा."

ढाल धरून बसायचं नाही, ढाल झिजते:
आधी कलिंगड, मग मोसंबं, मग लिंबू,
मग फुटते, आणि आपण भर मैदानात
झिंगलेल्यासारखे डुलत उभे.
हवेतली दुसरी उडी घाबरून खर्चायची नाही,
ती परतीच्या भाड्याची.
जमिनीवर आपटायच्या किंचित आधी बटण दाबलं
तर आपटणं नुसतं पाय टेकणं होतं.
(हे मला तीनशे वेळांत दोनदा जमलं.)

"आणि लोळण घ्या, पण दर वेळी डावीकडे नको."
तुला कसं कळलं?
"सगळ्यांना कळतं, ताई."

माझी छत्रीवाली बाई, त्याचा दगडी पैलवान.
इथे टक्के वाढणं वाईट:
जितके टक्के, तितकं अंग हलकं,
तितकं लांब भिरकावतं.
मी एकशे अठरावर. शेवटचा जीव.
खुर्चीचा फाटका रेक्झिन मांडीला चिकटलेला,
बाहेर कुणीतरी मेथीचा भाव पाडतंय.

पैलवानानं हात मागे घेतला.
मी बघत राहिले.
अंगठा वर, आणि आत,
मारणाऱ्याच्याच दिशेला;
मनाला हे अजून पटत नाही,
हाताला पटलं.

छत्रीवाली तिरकी गेली,
टीव्हीच्या चौकटीबाहेर,
कोपऱ्यात एका गोल भिंगात
मुंगीएवढी होऊन फिरत राहिली.
हितेश काही बोलला नाही.
मागच्या खुर्चीतला पोरगा चिप्स चावायचा थांबला.
मग ती खाली येऊ लागली.
उडी शिल्लक होती. ती वापरली.
दोन बोटांनी कड्याला लटकली,
वर आली,
आणि लोळली
डावीकडे.

तो तिथेच उभा होता.

"सात सेकंद," हितेश म्हणाला.
स्वतःच जिंकल्यापेक्षा जास्त खूश.
"आधी तुम्ही तिथेच जायच्या. आज सात सेकंद जास्त."
मी चाळीस रुपये दिले. सुट्टे नव्हते, पन्नास दिले.
दहा उद्याला.

बाहेर ताडपत्र्या ओढल्या जात होत्या.
उलट्या बाजूनं एक डिलिव्हरीवाला आला, दिवा न लावता.
मी डावीकडे सरकले. तोही.
मी उजवीकडे. तोही.
त्यानं ब्रेक दाबला.
चाक माझ्या चपलेपासून वीतभर.
"दिसत नाही का?" तो ओरडला.

दिसत होतं.
सगळं दिसत होतं.