पेटी क्रमांक दोनशे अकरा

कराडच्या शेडमध्ये पत्रा तापलाय.
शेवंताकाकी नळाखाली धरते
बाराशे मीटर खोलातून उपसलेली कांडी,
अंगठ्याने चिखल सोडवते, मासळी धुवावी तशी.

वरचा सगळा काळा पत्थर
तिच्या ओळखीचा: जातं, पाटा, उंबरा.
ही मात्र करड्या-पांढऱ्या वळ्यांची,
मधे गार्नेटचे दाणे, मसुरीएवढे.

"लुगडं घडी घालून कुणी इसरलंय."

मी वहीत लिहितो: पट्टिताश्म. विभंग, तीस अंश कललेला.
मग तिला सांगतो, इथे डोंगर होते,
सह्याद्रीच्या कितीतरी आधी.
दोन भुई भिडल्या. या रेघेवरून
जुना थर सरकत नव्यावर चढला.

"म्हंजी थोरला धाकट्याच्या खांद्यावर?"
हो.
"जत्रंत बसत्यात तसा, पर उलटा."
जत्रा नव्हती, काकी. माणूसच नव्हतं.

ती रेघेवरून नख फिरवते.
नखात राखाडी पीठ येतं.
"आन् शेंडा?"
झिजला. आपल्या हाती बूड.

पेटीत ठेवण्याआधी
लाल खडूने बाण काढायचा असतो, वर कुठे ते दाखवणारा.
दोनशे दहा पेट्या तिने न विचारता काढलाय.
आज खडू हातातच.

"ह्येची वरची बाजू कंची रं?"