उघडं राहिलेलं सत्र

पहाटे पाच दहाला हेल्टरमाच्या धक्क्यावर
एकोणीस गाड्या, दोन दुधाचे टँकर,
आणि फाटक वर जात नाही.
तिकीटघराच्या पडद्यावर चकती नुसती फिरते,
थंडीत इंजिन धरत नाही तशी.

मारिट टालिनमध्ये, स्वयंपाकघरात, लोकरी मोज्यांत.
पूलमध्ये दहा जोडण्या, दहाही गुंतलेल्या.
नऊ जणी एकाच ओळीच्या दाराशी ताटकळलेल्या,
दहावी आत, गप्प.
काही मागत नाही, काही सोडत नाही.
यादीत तिच्यापुढे लिहिलंय:
व्यवहार चालू, काम काही नाही. चौदा तास.

चौदा तासांत बोट मुख्य भूमीला जाऊन येते,
पुन्हा जाते, पुन्हा येते.

उघडलं कुणी? काल्यू राउड, खिडकी दोन, कन्सोलवरून.
तिनेच शिकवलं होतं त्याला,
ती झोपलेली असताना बारीकसारीक चुका निस्तरायला.
पास क्रमांक सातशे चौऱ्याहत्तर, हेल्मी राउड.
पूस.
मग फ्लश.
मग काही नाही.

शिकवताना ती म्हणाली होती,
फ्लश म्हणजे कच्च्या खर्ड्यात उतरवणं,
कमिट म्हणजे खतावणी, शाई वाळली की वाळली.
आणि काल्यू, या दोन्हींच्या मधे फार वेळ बसू नकोस,
तिथे दुसऱ्यांची वाट अडते.

तो नेमका तिथेच बसला होता.
त्याच्या सत्रात हेल्मी नाही.
बाकी सगळ्या सत्रांत आहे:
डावी खिडकी, कुत्रा एक, ज्येष्ठ नागरिक सवलत,
वैधता मार्चअखेर.
एका ओळीचे दोन खरेपणे,
दोन्ही आपापल्या जागी बिनचूक,
जोवर कुणी शब्द पक्का करत नाही.

तिने फोन लावला.
"दाबणारच होतो," तो म्हणाला. "बोट तिथवर गेलं."
मागे कुणीतरी हॉर्न धरून बसलं होतं.
"मग वाटलं, मागे घ्यावं. पण मागे घेऊन
ती काय..."
हे वाक्यही त्याने बंद केलं नाही.

दोघं गप्प राहिली.
त्या देशात फोनवरची शांतता
उद्धटपणा समजत नाहीत.
मग टँकरवाला खिडकीवर टकटक करू लागला,
आणि मारिट म्हणाली, "काल्यू, मी बाहेरून तोडते."
तो हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

एक हुकूम, एक क्रमांक.
जोडणी तुटली की डेटाबेस आपण होऊन माघारी फिरतो,
कारण विचारत नाही,
खर्ड्यातलं पान फाडून टाकतो.
फाटक वर गेलं. दूध आधी.

दुपारी तिने चार ओळी लिहिल्या:
प्रत्येक मागणीला स्वतःचं सत्र,
जमलं तर कमिट, फसलं तर रोलबॅक,
आणि काहीही होवो, निघताना दार लागलंच पाहिजे;
दाराला स्प्रिंग बसवतात, तसं.
नुसत्या बसून राहणाऱ्याला पंधरा मिनिटांची मुदत.
सहकारी म्हणाला, कन्सोल काढून घे त्या म्हाताऱ्याकडून.
तिने ऐकलं नसल्यासारखं केलं.

तिकडे काल्यूच्या पडद्यावर लाल अक्षरं.
शिकवल्याप्रमाणे त्याने टाइप केलं: रोलबॅक.
आता हातात ती होती, पण नुसतं टरफल,
आतलं सगळं शिळं म्हणून टाकून दिलेलं.
एका बोटाने, अक्षर शोधत, त्याने विचारलं: नाव?
आणि ते टरफल उठून स्वतः टेबलापर्यंत गेलं,
नव्या जोडणीवरून, ताजं घेऊन आलं:
राउड, हेल्मी.
त्याने पुढचंही विचारलं.
खिडकी डावी.
कुत्रा एक.

कुत्रा त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून झोपला होता.
काल्यूने सत्र बंद केलं, नीट, शेवटच्या कंसासकट.
खिडकी दोनचं शटर अर्धं ओढलं,
मग आठवलं, सातची बोट अजून जायचीय,
आणि पुन्हा वर केलं.