एकशे पंचवीस

सकाळची गोळी उपाशीपोटी,
मग तासभर चहा नाही.
तो तास मी गॅलरीत काढते, जेलरोडकडे तोंड करून,
दूधवाल्यांच्या किटल्या मोजत.
मोजायची सवय जात नाही. बावीस वर्षं नोट प्रेसला आहे,
शीटवरची चूक नजरेला आपसूक लागते:
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडेला चिकटलेला एखादा केस.

हल्ली पहाटे पावणेचारला जाग येते
आणि छातीत कुणीतरी कोऱ्या नोटांची थप्पी
अंगठ्यानं फर्रकन सोडतं.
पुन्हा सोडतं.
मनगट धरून मी घड्याळ बघते.
एकशे बारा. एकशे अठरा. मध्येच एक ठोका गळतो,
तेवढ्यात हातातून पोहरा सुटल्यासारखं होतं
आणि पाण्याचा आवाज काही येत नाही.

जानेवारी आहे. निफाडला पारा चारवर गेला म्हणे,
द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसलेत,
आणि मी पंखा तीनवर ठेवून घामानं भिजलेली.
भगीरथ दोन गोधड्यांतून नाक काढून म्हणतो,
"अगं, गारठून मरेन मी."
"आधी माझा नंबर," मी म्हणते. हसतो दोघं.
मग रडू येतं, ते मात्र मला एकटीला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयही आहे ना तुमचं हे."
म्हणजे पाळी जातेय त्याचं किती, गोळीचं किती,
आणि मुळातच मी तापट, त्याचं किती?
घोलपबाई म्हणतात, मनाचे खेळ गं, गोदेवर फिरायला जात जा.
मन आता मायक्रोग्रॅममध्ये मिळतं, घोलपबाई,
कॉलेज रोडच्या दुकानात, शंभराची बाटली.

परवा मात्र एक झालं.
कुलथेसाहेबांना चारचौघांत म्हणाले,
"ही चूक तुमच्या पाळीतली आहे, साहेब,
माझ्या नावावर लिहू नका."
हात लटलट कापत होते,
पण आवाज आला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच
वाक्याच्या शेवटापर्यंत टिकला.
गळ्यावरची रेघ गरम झालेली बोटांना कळत होती.

काल रिपोर्ट आला. डोस जास्त होतोय.
पंचवीस कमी केले.
मिठाचा कण याहून मोठा असतो.
"सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, धडधड बसेल."
जिना उतरताना आठवलं, विचारायचं राहिलं
की कुलथ्यांना बोलली ती त्या पंचवीसातली होती
की माझ्यातली.
परत वर गेले नाही. रिक्षा थांबली होती.

आज नव्या बाटलीतली पहिली गोळी.
जुनीत अकरा उरल्यात. टाकायच्या आहेत.
दोनदा मोजल्या.
चहाला अजून चाळीस मिनिटं.