चार ठोके

केर्त्तूचा फोन आला तेव्हा मी बर्फ लोटत होतो,
महापालिकेच्या गाडीत, पहाटे पाचला,
ओउलूच्या बंदराकडच्या रस्त्यावर.
आठ महिन्यांनी तिचा आवाज
आणि पहिलं वाक्य काय, तर
"तुझ्या त्या जुन्या काड्या आहेत का अजून?"

आहेत. मोजे ठेवतो त्या खणात.
पण हे मी लगेच सांगितलं नाही.
माणसाला थोडा मान असतो.

बातमी मला पेपरातून कळली होती:
'उशिराची बोट'ची गायिका एकटीचा अल्बम करते आहे.
बँड मोडला असं कुठेच छापलं नव्हतं.
मोडलेल्या गोष्टी आमच्याकडे कोणी जाहीर करत नाही,
गॅरेजात ठेवतात, वर ताडपत्री टाकून.
यालमारीनं बेस विकला आणि होडीचं इंजिन घेतलं.
विचारलं, वाईट नाही वाटलं?
म्हणाला, इंजिन चांगलं आहे.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेली डेअरी.
भिंतींना पांढऱ्या फरशा, त्यांवर गालिचे टांगलेले
आवाज घुमू नये म्हणून,
आणि कशानंच न गेलेला आंबूस वास.
काचेमागे निको नावाचा पोरगा.
आमची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा जन्मलाही नसेल.
त्यानं फार अदबीनं सांगितलं की या अल्बममध्ये ड्रम नाहीत.
म्हटलं, माहीत आहे.
"म्हणजे, अजिबातच नाहीत."
म्हटलं, बाळा, एकदा कळलं.

केर्त्तू लोकरी मोज्यांत उभी होती, हात बगलेत.
"मला सुरूच करता येत नाहीये," ती म्हणाली.
तीन आठवडे.
पियानो वाजतो, ती तोंड उघडते,
तोवर जागा निघून गेलेली असते.
कानात यंत्राची टिकटिक लावून पाहिली.
"ती बरोबर असते रे.
पण ती माझ्यासाठी थांबत नाही."

बावीस वर्षं मी या बाईची पाठ पाहिली आहे.
चेहरा पाहायला लोक तिकीट काढायचे.
मला तिच्या डाव्या खांद्याचं हाड ठाऊक,
ते किंचित वर आलं की समजायचं, श्वास भरतेय,
आणि चौथा ठोका मी तेवढा, केसभर, मागे ठेवायचो.
हे कधी कोणाला बोललो नाही.
मला वाटायचं माझा हातच ढिला आहे,
झाकलेलं बरं.

तिच्या मागे स्टूल ओढून बसलो,
कोटसुद्धा न काढता. बुटांखाली बर्फाचं पाणी.
युक्सी.
काक्सी.
कोल्मे.
खांदा.
नेल्या.

आणि ती गायली.
गाणं तिच्या घटस्फोटाचं होतं की आमचं,
ते मला सांगता येणार नाही.
शब्दांकडे मी कधी लक्षच दिलं नाही.

नऊ गाणी, दोन दिवस.
पैसे देऊ करत होती. मी कॉफी घेतली
आणि वेलदोड्याचा एक पाव.
कव्हरवर नाव टाकते म्हणाली.
म्हटलं, नावापुढे लिहिणार काय?
तिलाही सुचलं नाही.
निघताना तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं,
ते तेवढं लक्षात राहिलंय, का कोण जाणे.

अल्बम मे महिन्यात आला.
खाडीतला बर्फ फुटत होता,
आम्ही रस्त्यांवरची हिवाळ्यातली खडी झाडत होतो.
गाडीतच ऐकला, ब्रश बंद करून.
निकोनं माझे ठोके स्वच्छ कापले होते.
कापायचेच होते. पोरगा कामाचा आहे.
शिवण शोधूनही सापडली नाही.

प्रत्येक गाण्याआधी थोडी शांतता
आणि मग तिचा श्वास,
पूर्ण, बिनघाईचा,
कोणी तरी दार धरून ठेवल्यासारखा.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला.
पाचवं गाणं सुरू होत होतं.
मी थांबलो, केसभर,
मग गाडी काढली.