नमुना सही

बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात
कस्टमच्या बाईंनी पाकीट उघडलं,
कागद खिडकीच्या उजेडात धरला.
"काय आहे हे?"
पत्र, म्हटलं. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं. अमेरिकेतल्या एका शेरीफचं.
"कोण लागतो तुमचा?"
त्यांच्या फॉर्मात नात्याचा रकाना नव्हता.
त्या आपल्या सहजच विचारत होत्या.

कोणी लागत नाही.
इझ्रा टॉलिव्हर, ॲरिझोना टेरिटरी, मार्च १८८३.
गोळीबाराचा एक शब्द नाही पत्रात.
दोन कैदी, अकरा दिवस, माणशी रोज चाळीस सेंट जेवण,
दिव्याचं तेल, एक कुलूप,
आणि खेचर लंगडतंय,
त्याचा नाल कोणत्या खात्यात धरायचा, ही विचारणा.
खाली सही. टीची आडवी दांडी अशी फटकारलेली
की बिल नामंजूर होणार हे हाताला आधीच कळलं असावं.
समासात कोण्या कारकुनाचा शेरा, लाल शाईत:
पावती जोडलेली नाही.

अशी एकोणीस आहेत माझ्याकडे,
काळाचौकीच्या दोन खोल्यांत, लोखंडी कपाटात.
मुंबईच्या दमट हवेवर उपाय म्हणून
बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या
मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणतो.
कुंदा त्यांना "तुझे हवालदार" म्हणते.

सही ओळखायला शिकलो हळूहळू.
खरी सही घाईत असते.
खोटी जपून चालते, ओल्या फरशीवरून चालावं तशी;
वळणावर थबकते, तिथे शाई साचते.
भिंगाखाली तो ठिपका दिसतो.
दोनदा फसलो तरीही.
त्यातलं एक अजून ठेवलंय, वेगळ्या फाइलीत,
फसवणाऱ्याचं अक्षर फार देखणं होतं म्हणून.

वडील हेड कॉन्स्टेबल.
विश्राम बाळा घाडी, बक्कल नंबर दोन हजार एकशे सहा.
तीस वर्षं सह्या केल्या पंचनाम्यांवर, स्टेशन डायरीत.
एकदा रत्नागिरीहून आरोपी आणला, बोटीने,
त्याला उलट्या होत होत्या म्हणून लिंबू, चहा, पुन्हा चहा,
सगळं खिशातून.
बिल तीनदा परत आलं त्याच एका ओळीसह.
"बोटीवरचा चहावाला पावती देतो का रे?"
ते मलाच विचारायचे, मी साहेब असल्यासारखं.

त्या डायऱ्या रद्दीत गेल्या, लगदा झाला.
मी चौकशीला गेलो होतो.
खुर्चीतल्या मुलाने विचारलं, कशासाठी हवंय?
कोण लागतो, हे नाही विचारलं.

घरात त्यांची सही एकाच जागी उरली,
माझ्या सातवीच्या प्रगतिपुस्तकात.
पहिली घटक चाचणी, गणित: अकरा.
पालकाची सही: ती मी केलेली.
भिंगाचीही गरज नाही.
घच्या पोटात शाईचा थेंब बसलाय, मुंगीएवढा.

ते रात्रपाळीला निघाले होते, पट्टा आवळत.
पुस्तक हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं.
मी मोरीच्या दाराशी, कबुलीजबाब तयार ठेवून.
"वर रेघ मारलीस," म्हणाले.
"मी सहीवर रेघ मारत नाही. वेळ कुठे असतो."
टोपी घातली, गेले.

सहामाहीच्या रकान्यात रेघ नाही.
दुसऱ्या चाचणीलाही नाही.
हात कुठे थबकलेला नाही, शाई साचलेली नाही,
दोन्ही सह्या घाईत आहेत.
टॉलिव्हरवर घालवला नसेल इतका वेळ
मी त्या दोन रकान्यांवर घालवलाय.
माझ्या की त्यांच्या,
मला सांगता येत नाही.

दुसऱ्या कोणी विकायला आणलं असतं
तर शंका आहे म्हणून परत केलं असतं.