सुटे पैसे

पारोळ्यात मे महिना. वर पत्रा, वारा नाही.
रिंगेत मावते वीतभर गोधडी,
उरलेली मांडीवर घेऊन बसलेय,
घामेजून.
नानांच्या खाकी शर्टावर
मशीन काढतंय केळीचं पान.
पडद्यावर शिल्लक टाके:
सहा हजार चारशे बारा.

खट्.
"काय व्हयनं व?" भिंतीपलीकडून कौतिकबाई.
सुई तुटनी, म्हटलं.

उसवून पाहिलं तर
खिशाच्या अस्तरात आठ आणे.
एरंडोल गाडीतल्या कुणाचे तरी,
तिकिटामागे लिहून दिलेले,
द्यायचे राहिलेले.

नवी सुई लावली.
नाणं तिथेच राहू दिलं,
भोवतीने हातटाके घातले,
जरा वाकडेच.

पडद्यावर अजून
सहा हजार चारशे बारा.